भ्रूणीय मूलपेशी : पेशींचे परस्परांना धरून राहणे आणि त्यांचे भवितव्य

गेल्या पोळ्यानंतरची गोष्ट. घाटंजी तालुक्यातील एक शेतकरी दांपत्य आपल्या पाच वर्षांच्या मुलास घेऊन यवतमाळ येथील माझ्या चिकित्सालयात आले. जन्मसमयी मेंदूस प्राणवायू कमी पडल्यामुळे या मुलास सेरेब्रल पाल्सी झालेली आहे. दीड वर्षापासून स्नेहन, स्वेदन व मात्राबस्ती यांचा क्रम आणि जोडीस नियमित फिजिओथेरपी असे उपचार चालू होते व मूल आधाराने बसू लागले होते. त्या दिवशी वडिलांनी पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक काढून माझ्यासमोर ठेवले. मूलपेशी टोचल्या की मेंदूचा बिघडलेला भाग नव्याने तयार होतो, असा त्याचा आशय होता. खर्च काही लाखांचा होता व त्यासाठी दोन एकर वावर विकण्याची बोलणी सुरू झाली होती. वडिलांनी मला एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, टोचलेल्या पेशी मेंदूत जाऊन मेंदूच होतीन ना?"

मी "घाई करू नका" असे म्हणालो, परंतु घाई का करू नये याचे कारण मला नीट सांगता आले नाही. कारणाशिवाय दिलेला सल्ला त्यांना पटला नाही, हे स्पष्ट दिसत होते. आठ दिवसांनी येतो, असे सांगून ते गेले. त्या आठ दिवसांत व पुढेही या विषयाचे जे वाचन झाले, त्याचा सारांश वैद्य बंधुभगिनींपुढे ठेवावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे. मूलपेशी पुढे काय होणार, हे तिच्या अंगच्या गुणांवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ती कोणाला व कशाला धरून आहे यावरही अवलंबून असते, हा या लेखाचा मुख्य मुद्दा होय. त्या पित्याच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

भ्रूणीय मूलपेशी म्हणजे काय?

शुक्र व अंडपेशी यांच्या संयोगानंतर एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ अशा पेशी होत जातात. मानवात सुमारे पाचव्या दिवशी या पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. मराठी परिभाषेत त्यास कोरकपुटी म्हणतात. तिच्या बाहेरच्या थरापासून पुढे अपरेचा भाग बनतो. आत एका बाजूस चिकटून असलेल्या लहानशा पुंजापासून गर्भशरीर बनते. या आतील पुंजातील पेशी काढून योग्य द्रवात वाढविल्या, तर त्या दीर्घकाळ विभागत राहतात आणि शरीरातील कोणत्याही धातूची पेशी होण्याची त्यांची क्षमता टिकून राहते. याच भ्रूणीय मूलपेशी होत.

१९८१ साली केंब्रिज येथे मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे गेल मार्टिन यांनी उंदराच्या भ्रूणापासून अशा पेशी मिळविल्या. मानवी भ्रूणापासून त्या मिळविण्यास १९९८ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी ते काम केले.

आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हस्ते परीक्षानलिका-गर्भधारणेतून बालिकेचा जन्म झाला. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार त्या कार्यात सहभागी होते. पुढे हीच संस्था राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथे डॉ. दीपा भारतीय व सहकाऱ्यांनी, डॉ. हिंदुजा यांच्या सहकार्याने, मानवी भ्रूणीय मूलपेशींचे दोन वंश तयार केले. 'किंड-१' व 'किंड-२' या नावांच्या त्या वंशांचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. या पेशी मोकळ्या द्रवात तरंगत ठेवून वाढविलेल्या नव्हत्या. त्याच प्रयोगशाळेत तयार केलेल्या मानवी आधारपेशींच्या थरावर त्या वाढविण्यात आल्या होत्या. मूलपेशींना खाली धरावयास काहीतरी लागते व शेजारीही आपल्यासारखीच पेशी लागते, ही गोष्ट या क्षेत्रातील प्रत्येक प्रयोगशाळेस पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

एकटी पडलेली पेशी का मरते?

मानवी भ्रूणीय मूलपेशी दाट, चपट्या वसाहती करून राहतात. वसाहत मोठी झाली की तिचे भाग करून नव्या भांड्यात लावावे लागतात. सुरुवातीच्या वर्षांत हे काम करणाऱ्यांस एक अडचण सतत भेडसावत असे. वसाहतीचे लहान लहान तुकडे करून लावले तर ते जगत. मात्र विकर वापरून पेशी सुट्या सुट्या केल्या तर शंभरातील जेमतेम एखादी पेशी नवी वसाहत उभी करी. बाकीच्या काही तासांतच मरून जात. अन्न तेच, उष्णता तीच, भांडेही तेच. फरक पडला होता तो केवळ शेजार सुटण्याचा.

२००७ साली जपानमधील कोबे येथे योशिकी सासाई यांच्या प्रयोगशाळेत या कोड्याचा एक धागा हाती लागला. पेशीच्या आत 'रॉक' नावाचे एक विकर असते. पेशीच्या अंतर्गत तंतूंना ताण देणे, हे त्याचे काम. या विकरास रोखणारे 'वाय-२७६३२' हे द्रव्य द्रवात मिसळल्यावर वसाहत उभी करणाऱ्या सुट्या पेशींचे प्रमाण सुमारे एक टक्क्यावरून सुमारे सत्तावीस टक्क्यांवर गेले. २०१० साली झालेल्या कामातून त्याचे कारण अधिक उलगडले. शेजारणीला धरून असताना पेशीच्या आतील ताण आणि शेजारणीची ओढ यांचा तोल असतो. पकड अचानक सुटली की आतील तंतू अनावर आकुंचन पावतात, पेशीपटलावर फुगे येतात आणि पेशी स्वतःच्या मृत्यूची प्रक्रिया सुरू करते. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी मात्र सुट्या केल्या तरी बऱ्यापैकी तग धरतात. यावरून प्राण्यावरील निष्कर्ष मानवास जसाच्या तसा लावता येत नाही, हेही ध्यानात येते.

पकडीचे साधन : कॅडहेरिन

पेशींच्या या धरून राहण्यास परिभाषेत 'आसंजन' म्हणतात. शब्द ऐकला की विटांमधील चुन्याची किंवा डिंकाची कल्पना मनात येते. प्रत्यक्षात ही पकड निराळ्या स्वरूपाची आहे.

क्योटो विद्यापीठातील मासातोशी ताकेइची यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की पेशींच्या परस्परांना चिकटण्याचा एक प्रकार कॅल्शियमवर अवलंबून असतो. त्यामागील प्रथिनांना पुढे कॅडहेरिन हे नाव मिळाले. कॅडहेरिनचा रेणू पेशीपटलास आरपार छेदून असतो. त्याचे बाहेरचे टोक शेजारच्या पेशीवरील तशाच टोकाशी जुळते, आणि हे टोक ताठ राहण्यास कॅल्शियमचे कण आवश्यक असतात. आतले टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने पेशीच्या अंतर्गत तंतूंस जोडलेले असते. कॅडहेरिनचे अनेक प्रकार आहेत आणि सामान्यतः एक प्रकार आपल्याच प्रकाराशी चांगला जुळतो. भ्रूणीय मूलपेशींवर मुख्यत्वे 'ई-कॅडहेरिन' असते.

वाचकांस कबड्डीतील साखळीचे उदाहरण देता येईल. बचाव करणारे दोन खेळाडू एकमेकांचा हात धरून उभे असतात. त्या धरण्याने दोन कामे एकदम होतात. चढाईवाल्यास अडविण्याचे बळ येते, आणि जोडीदार कोणत्या बाजूस झुकत आहे हे न पाहता हातालाच कळते. हात सुटला तर बळ जाते व वार्ताही थांबते. कॅडहेरिनची पकड अशीच आहे. ती पेशीला जागेवर ठेवते आणि त्याच वेळी शेजारी कोण आहे, किती बाजूंनी आहे, ओढ किती आहे, याची वार्ता आत पोहोचविते.

आतली कोण आणि बाहेरची कोण?

ही वार्ता भवितव्य कसे ठरविते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण गर्भाच्या पहिल्या आठवड्यातच आढळते. उंदराचा भ्रूण आठ पेशींचा होईपर्यंत पेशी द्राक्षांच्या घोसाप्रमाणे सैल व गोल दिसतात. नंतर काही तासांतच त्या एकमेकींना घट्ट बिलगतात, त्यांच्यामधील सीमारेषा दिसेनाशा होतात आणि भ्रूण एखाद्या गुळगुळीत गोळीसारखा भासतो. मानवात ही घटना सुमारे चौथ्या दिवशी घडते. द्रवातील कॅल्शियम काढून घेतले किंवा ई-कॅडहेरिनला बांधणारे प्रतिपिंड मिसळले की पेशी पुन्हा सैल होतात. १९९४ साली ई-कॅडहेरिनचे जनुकच नसलेल्या उंदरांवरील काम प्रसिद्ध झाले. असे भ्रूण बाहेरचा अखंड थर बनवू शकत नाहीत व गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नष्ट होतात.

घट्ट बिलगल्यामुळे एक नवी स्थिती उत्पन्न होते. काही पेशी सर्व बाजूंनी शेजारणींनी वेढलेल्या असतात, तर काहींची एक बाजू मोकळी राहते. पेशीचे हे स्थानच तिचे भवितव्य ठरविते, असा विचार पोलंडमधील तार्कोव्स्की व व्रुब्लेव्स्का यांनी १९६७ सालीच मांडला होता. स्थान पेशीला कळते कसे, हे समजण्यास मात्र चाळीस वर्षे लागली.

जपानी संशोधकांनी २००९ साली व त्यानंतर दाखविलेली यंत्रणा थोडक्यात अशी. 'याप' नावाचे एक प्रथिन पेशीत असते. ते केंद्रकात शिरले तर अपरेच्या मार्गावर नेणारी जनुके, विशेषतः 'सीडीएक्स-२', जागी होतात. सर्व बाजूंनी धरलेल्या आतील पेशीत कॅडहेरिनच्या सांध्यापाशी 'अँजिओमोटिन' नावाचे प्रथिन जमा होते. तेथे 'हिप्पो' या नावाने ओळखली जाणारी संदेशशृंखला कार्यान्वित होते व 'याप' केंद्रकाबाहेर अडविले जाते. परिणामी ती पेशी गर्भशरीराच्या मार्गावर राहते. मोकळी बाजू असलेल्या बाहेरच्या पेशीत अँजिओमोटिन त्या मोकळ्या बाजूकडे खेचले जाते, सांध्यापाशी शृंखला कार्यान्वित होत नाही, 'याप' केंद्रकात शिरते आणि पेशी अपरेच्या मार्गाला लागते. २०२० साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील कॅथी नियाकान यांच्या गटाने मानव, गाय व उंदीर या तिहींच्या भ्रूणांत या निवडीची सुरुवात मूलतः सारख्या रीतीने होते, असे दाखविले.

दोन्ही पेशींतील जनुके तीच आहेत, आईही एकच आहे. एकीचे गर्भशरीर होते व दुसरीची अपरा होते, याचे कारण त्यांना मिळालेला शेजार हे होय.

एकच प्रथिन, दोन कामे

कॅडहेरिनच्या आतल्या टोकाशी असणाऱ्या प्रथिनांपैकी 'बीटा-कॅटेनिन' विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. सांध्यापाशी असताना ते पकडीचा एक घटक म्हणून काम करते. सांध्याबाहेर मोकळे असलेले बीटा-कॅटेनिन पेशी एरवी लगेच मोडून टाकते. परंतु बाहेरून 'विंट' नावाचा संदेश आला की हे मोडणे थांबते, ते साचते, केंद्रकात जाते व जनुकांच्या कार्यात बदल घडविते. पकड आणि संदेश यांची सांगड एकाच रेणूत घातली गेली आहे, असे येथे दिसते. पेशीपटलावर कॅडहेरिन किती आहे, यावर मोकळ्या बीटा-कॅटेनिनचे प्रमाणही काही अंशी अवलंबून राहते.

२००८ साली ऑस्टिन स्मिथ व सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी केवळ दोन रोधक द्रव्यांच्या साहाय्याने मूळ स्थितीत टिकवून दाखविल्या. त्यांपैकी एक द्रव्य बीटा-कॅटेनिनचे मोडणे थांबविते, तर दुसरे पेशीला रूपांतराकडे ढकलणारा संदेश रोखते. मूलपेशीचे 'मूल' राहणे हीही अशा रीतीने सतत राखावी लागणारी अवस्था आहे. ती आपोआप टिकत नाही.

पायाखालची भूमी

शेजारणीखेरीज पेशी ज्या पृष्ठभागावर बसते त्यालाही ती धरून असते. या पकडीचे साधन म्हणजे 'इंटेग्रिन' ही प्रथिने. लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन, कोलॅजन, व्हिट्रोनेक्टिन इत्यादी द्रव्यांच्या जाळ्याला इंटेग्रिन धरतात आणि त्या जाळ्याचे स्वरूप आत कळवितात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी कोलॅजनवर मूळ स्थितीत राहिल्या, तर लॅमिनिन व फायब्रोनेक्टिनवर त्या रूपांतराकडे झुकल्या. मानवी पेशींचे वर्तन याहून वेगळे आहे. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी लॅमिनिनचे 'लॅमिनिन-५२१' व ई-कॅडहेरिन यांचे मिश्र अस्तर तयार केले. त्यावर मानवी भ्रूणीय मूलपेशी सुट्या लावल्या तरी जगल्या, वसाहती करू लागल्या व मूळ स्थितीत राहिल्या. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झाले. एकट्या पेशीस शेजारणीचा हात मिळत नसेल तर भूमीतूनच तो पुरविला, असे या प्रयोगाचे वर्णन करता येईल.

भूमीच्या घटकांप्रमाणे तिचा कठीणपणाही पेशीला जाणवतो. २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एंगलर, सेन, स्वीनी व डिशर यांनी अस्थिमज्जेतील मध्यजनस्तरीय मूलपेशी वेगवेगळ्या मऊपणाच्या पृष्ठभागांवर वाढविल्या. मेंदूइतक्या मऊ पृष्ठभागावर त्या चेतापेशींसारख्या, मांसधातूइतक्या पृष्ठभागावर स्नायुपेशींसारख्या, तर अधिक कठीण पृष्ठभागावर अस्थिपेशींसारख्या होऊ लागल्या. यांतील शामिक सेन पुढे मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये अध्यापक झाले. या पेशी भ्रूणीय नव्हत, हे मुद्दाम नमूद करतो. शिवाय 'सारख्या होणे' आणि पूर्ण कार्यक्षम धातू होणे यांत मोठे अंतर आहे.

नाते बदलते तेव्हा

मानवी गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात तीन जनस्तर तयार होतात. त्या वेळी मधला स्तर होणाऱ्या पेशी आपले ई-कॅडहेरिन कमी करतात, शेजारणींची पकड सोडून आत सरकतात आणि 'एन-कॅडहेरिन' धारण करतात. पुढे चेतानलिका बनणाऱ्या पेशीही त्वचेच्या पेशींपासून वेगळ्या होताना हाच बदल करतात. धरण्याचा प्रकार बदलतो व त्याबरोबर समूहही बदलतो.

१९५५ साली टाऊन्स व होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील पेशी सुट्या करून एकत्र मिसळल्या होत्या. त्या आपापल्या जातीच्या पेशींना शोधून पुन्हा वेगवेगळ्या झाल्या. त्वचेच्या बाहेर व इतर आत, असा क्रमही त्यांनी स्वतःच लावला. असाच गुण गोड्या पाण्यातील हायड्रा या लहानशा जीवातही आहे. त्याच्या पेशी सुट्या करून एकत्र आणल्या तर त्यांतून पुन्हा हायड्रा उभा राहतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी याच जीवाच्या पुनर्निर्मितीचा अनेक वर्षे अभ्यास केला. आपले महाविद्यालयीन विद्यार्थी पुण्यास गेले तर त्यांनी असे काम अवश्य पाहावे.

आयुर्वेदाच्या दृष्टीने

हे सर्व वाचताना आपणांस दोन गोष्टी आठवणे स्वाभाविक आहे. सुश्रुताचार्यांनी श्लेष्मा हा शब्द 'श्लिष्' या धातूपासून, म्हणजे आलिंगन देणे या अर्थापासून, व्युत्पादिला आहे. तसेच गर्भसंभवासाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चारींचे सान्निध्य आवश्यक सांगितले आहे. पैकी दुसरा विचार आपल्या विषयास फार जवळचा आहे. बीज उत्तम असले तरी क्षेत्राशिवाय अंकुर नाही, हे कापूस पेरणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. मूलपेशी हे बीज मानले तर शेजारपेशी व भूमी हे क्षेत्र होय, आणि आजच्या संशोधनाने क्षेत्राचा हा वाटा रेणूंच्या पातळीवर दाखविला आहे.

तथापि येथे संयम आवश्यक आहे. श्लेष्मा म्हणजेच कॅडहेरिन, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. श्लेष्म्याची संकल्पना देहव्यापी आहे व तिच्यात स्थैर्य, स्निग्धता, बल इत्यादी अनेक कर्मे येतात. कॅडहेरिन हे एक विशिष्ट प्रथिन आहे. दुसऱ्या मासात गर्भ 'घन' होतो, या वर्णनाचा संबंध आठ पेशींच्या बिलगण्याशी जोडण्याचाही मोह होतो. परंतु ते बिलगणे पहिल्या आठवड्यातील आहे व डोळ्यांस न दिसणारे आहे. तिसरा मोह कॅल्शियमचा. शंख, मुक्ता, प्रवाळ यांच्या भस्मांनी पेशींची पकड वाढेल, असे अनुमान यातून काढता येत नाही. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण शरीर स्वतःच काटेकोर सांभाळते. ही भस्मे त्यांच्या शास्त्रोक्त संकेतांनुसारच द्यावीत. साम्य हे समजण्यास साहाय्य करते. ते प्रमाण म्हणून वापरले की आपल्याच शास्त्राची विश्वासार्हता कमी होते.

रुग्णास काय सांगावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. टोचलेली पेशी मेंदूत जाऊन मेंदू होईल काय?

पहिली गोष्ट अशी की जाहिरातींतील 'मूलपेशी' बहुधा भ्रूणीय नसतात. त्या रुग्णाच्या अस्थिमज्जेतून, मेदातून किंवा नाळेतून घेतलेल्या असतात, आणि त्यांची क्षमता मर्यादित असते. दुसरी गोष्ट, शिरेतून दिलेल्या मध्यजनस्तरीय पेशींपैकी पुष्कळशा फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. तिसरी गोष्ट, खऱ्या भ्रूणीय मूलपेशी रूपांतर न करता प्राण्याच्या शरीरात टोचल्या तर तेथे निरनिराळ्या धातूंचे मिश्रण असलेली गाठ तयार होते. मूलपेशी खरोखरच मूलपेशी आहे की नाही, याची ती एक प्रमाणित चाचणीच आहे. क्षेत्र व संदेश यांची योजना न करता बीज फेकले तर काय होते, हे यावरून दिसते.

याउलट, जेथे धरण्याची योजना आहे तेथे यश मिळाले आहे. रक्ताच्या कर्करोगात, थॅलॅसिमियात आणि आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत आढळणाऱ्या सिकलसेल विकारातील निवडक रुग्णांत अस्थिमज्जा-प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. तेथे मूलपेशी शिरेतूनच देतात. मात्र रक्ताच्या मूलपेशींवर अस्थिमज्जेतील संदेश ओळखणारे ग्राही व तेथील जाळ्याला धरणारे इंटेग्रिन जन्मतःच असतात, म्हणून त्या आपले घर शोधून तेथे बसतात आणि रक्तच बनवितात. त्या मेंदू बनवीत नाहीत.

भ्रूणीय मूलपेशींच्या उपयोगाचे एक उदाहरण लंडन येथील आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार तेथे दृष्टिपटलाखालील रंजकपेशी भ्रूणीय मूलपेशींपासून आधी पूर्णपणे तयार करण्यात आल्या, व्हिट्रोनेक्टिनचे अस्तर असलेल्या पातळ पडद्यावर त्यांचा एकसंध थर वाढविण्यात आला आणि तो पडदाच दोन रुग्णांच्या डोळ्यांत बसविण्यात आला. दोघांचीही दृष्टी एक वर्षाच्या निरीक्षणात सुधारल्याचे नोंदले गेले. पेशी सुट्या टोचण्याऐवजी शेजारणींसह व भूमीसह बसविल्या होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे. पार्किन्सन विकारात भ्रूणीय मूलपेशींपासून चेतापेशींच्या पूर्वपेशी तयार करून त्या मेंदूतील नेमक्या जागी ठेवण्याच्या, बारा रुग्णांवरील पहिल्या टप्प्याच्या परीक्षणाचा वृत्तांत २०२५ साली प्रसिद्ध झाला. हे परीक्षण प्रामुख्याने सुरक्षितता तपासण्यासाठी होते. म्हणजे आशेस जागा आहे, परंतु ती परीक्षणाच्या चौकटीत आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांतील मान्य प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णावरील वापर केवळ मान्यताप्राप्त चिकित्सा-परीक्षणातच करता येतो, आणि अशा परीक्षणातील सहभागासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे असे रुग्ण आले, तर त्यांना पुढील चार प्रश्न कागदावर लिहून द्यावेत, असे मी सुचवितो :

१. पेशी कोणाच्या, शरीराच्या कोणत्या भागातून घेतलेल्या आहेत?
२. त्या कोठे जाऊन, कशाला धरून राहतील, आणि हे रुग्णांत तपासले गेले आहे काय?
३. हे परीक्षण असल्यास भारतीय चिकित्सा-परीक्षण नोंदवहीतील त्याचा क्रमांक कोणता?
४. परीक्षण असेल तर पैसे कशाचे?

ते दांपत्य ठरल्याप्रमाणे आठ दिवसांनी आले. मी त्यांना कबड्डीच्या साखळीचे व पेरणीचे उदाहरण देऊन वरील गोष्टी सांगितल्या. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे वावराबिगर बी झालं हे." माझ्यासमोरच त्यांनी त्या केंद्रास दूरध्वनी करून तिसरा व चौथा प्रश्न विचारला. प्रथम मुलास घेऊन या, मग सर्व सांगू, असे उत्तर आले. वावर विकण्याची बोलणी त्यांनी थांबविली. मुलाची फिजिओथेरपी व बस्तिक्रम चालू आहे. प्रगती सावकाश आहे, आणि ती सावकाशच होईल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे.

खेड्यापाड्यांतील कुटुंबे असा निर्णय घेण्यापूर्वी अनेकदा प्रथम आपल्याकडे येतात. त्या वेळी कारणासह उत्तर देता यावे, इतपत या विषयाचा परिचय प्रत्येक वैद्याने करून घेणे अगत्याचे आहे.